चढ आणि धडधड

पाखाडी चढताना अर्ध्यावर छाती धडधडायला लागली. जांभ्याच्या पायरीवर बसलो. बोटं आपोआप मनगटावर, नाडी मोजायला.

लाकडांची मोळी घेऊन शेजारची काकी वरून येत होती. "काय झाला रे झिला?" म्हटलं, धडधडतंय.

"मगे? चढ चढलंस तर काळीज धडधडतला नाय तर काय! धडधडता म्हणजे चलता हा मां?"

आणि गेली की खाली!

हार्ट अटॅकपासून माझं असंच चाललंय. घाम आला, अटॅक. ढेकर अडली, अटॅक. (मे महिन्यात मालवणात घाम न येणारा माणूस दाखवा!)

तयारी सगळी आहे. खिशात जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी. डॉक्टरांनी नीट समजावलंय: चालताना गप्पा मारता येतील एवढाच वेग ठेवा, छातीत दाब आला आणि गोळीनेही थांबला नाही, तर सरळ १०८ ला फोन, ॲम्ब्युलन्स. रात्री दोन वाजता गाज ऐकत जागा असलो की मात्र यातलं काहीच आठवत नाही.

बीपी, कोलेस्टेरॉल, तळलेले मासे, सगळे विचारतात. भीतीचं कुणी विचारत नाही. शेवटी तपासणीला गेलो तेव्हा मीच विषय काढला. डॉक्टर म्हणाले, अटॅकनंतर हे बऱ्याच जणांना होतं, त्यावरही उपचार आहेत, समुपदेशन आहे. आई म्हणते, देवाक गाऱ्हाणा घाल. दोन्ही करतोय.

तुमच्यात कुणी माझ्यासारखे स्टेंटवाले (हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसवलेले) असाल तर सांगा, रात्री जाग आल्यावर तुम्ही काय करता?