तुम्ही विचारलंत म्हणून: भावाला असं कशानं झालं?

"बाई, तुमच्या भावाला असं कशानं झालं वो? कुणी काय केलं काय?" निपाणीच्या बाजारात, लग्नात, पालकसभेतसुद्धा मला हे विचारतात. एकोणिसाव्या वर्षी तो भिंतीकडे तोंड करून कुणाशी तरी बोलायला लागला. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला.

मी जीवशास्त्र शिकवते, पण उत्तर सांगायला मला आमचं तंबाखूचं रान आठवतं. शेंडा खुडला की पानांच्या बगलेतनं फुटवे येतात. तेही काढले नाहीत तर पान भरत नाही. आम्ही दोघं ते काढायचो. संध्याकाळपर्यंत बोटं चिकानं काळी, साबणालाही दाद न देणारी.

मेंदूतही असंच चालतं. लहानपणी पेशी एकमेकींशी गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोडण्या करतात, नंतर कमी वापरातल्या काढल्या जातात. या खुडणीत कोण असतं, ते २००७ साली बेथ स्टीव्हन्स आणि बेन बॅरेस यांच्या गटानं उंदरांच्या दृष्टीच्या वाटेवर दाखवलं: सी१क्यू आणि सी३. हीच प्रथिनं रक्तात जंतूला चिकटतात, म्हणजे भक्षक पेशींना तो ओळखता येतो. मेंदूत ती जोडणीला चिकटतात आणि मायक्रोग्लिया नावाच्या पेशी ती जोडणी गिळतात. अंगाची राखण करणारेच मेंदू घडवतात, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी रात्रभर जागी होते. कपाळामागच्या भागात तर हे काम विशीपर्यंत चालू असतं. भावाचं वय तेच.

२०१६ साली स्टीव्हन मॅककॅरोल यांच्या गटानं सुमारे ६५ हजार लोकांची जनुकं तपासली. याच कुळातलं सी४ प्रथिन मेंदूत जास्त बनवणारी जनुकरूपं असली, तर या आजाराची शक्यता थोडी वाढते. खुडणी गरजेपेक्षा जास्त होत असावी, असा त्यांचा कयास. अशी जनुकं शेकड्यानं आहेत, सी४ त्यातलं एक. भावाच्या बाबतीत नेमकं हेच झालं, असं मी म्हणणार नाही. पण करणी नाही, नजर नाही, हे छातीठोक सांगते.

आईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दहावीला नापास झाला तवा मी दोन दिस त्याच्याशी बोलले नव्हते. त्यानं न्हवं?"

"त्यानं नाही गं आई."

आता तो गोळ्या वेळेवर घेतो, सकाळी म्हशींचं बघतो. पुढच्या वेळी आमच्या दारावरनं गेलात तर त्यालाच हाक मारा, कसा आहेस विचारा. तो बोलतो.