नंबर ४१

अमेरिकेत पाऊल ठेवल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्या आडनावाचं लोणचं झालं. मी खरे. विद्यापीठाच्या कचेरीत 'कॅरी', बँकेत 'केअर', आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या तोंडी 'खारे'. शेंगदाण्यांच्या आधी लावतात ते. बाकीच्यांना मी दुरुस्त करायचो, त्याला कधी केलं नाही. त्याच्या तोंडून ते इतकं खणखणीत यायचं की चूक काढायला जीव होत नसे.

हे २०१२ सालचं, ओहायोतल्या टोलीडोचं. काचेच्या कारखान्यांचं गाव, आणि जीप बनते तेही. शेजारी जीपच्या कारखान्यात रात्रपाळीला असायचा. पंचेचाळिशीचा, एकटा, दारात कायम चिखलाने भरलेले बूट. आम्ही चौघे मराठी-तेलुगू पोरं त्याला आपसात 'जीपवाले काका' म्हणायचो. काका कॉलेजची पायरी कधी चढले नव्हते, पण टोलीडो विद्यापीठाच्या फुटबॉल संघावर त्यांचा जीव असा की आम्ही तिथे फी भरत होतो ते निव्वळ त्यांच्या संघाला हातभार म्हणून, असा त्यांचा समज असावा.

फुटबॉल म्हणजे अर्थातच तिकडचा, ज्यात पाय चेंडूला क्वचितच लागतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्याला. एवढं कळलं की बाकीचं कळायला दोन वर्षं लागतात. मी ते मैदानात शिकलो नाही. काकांच्या दिवाणखान्यात, उसवलेल्या सोफ्यावर, हातात कंट्रोलर धरून शिकलो. कॉलेज फुटबॉलचा व्हिडिओ गेम दर जुलैला नव्या रूपात यायचा, जसं आपल्याकडे दर वर्षी नवं पंचांग येतं. ही मालिका १९९३ साली बिल वॉल्श या प्रशिक्षकाच्या नावाने सुरू झालेली. पुढे ती एनसीएए फुटबॉल झाली. मी गेलो त्याच्या पुढच्या जुलैत 'एनसीएए फुटबॉल १४' आला. तो शेवटचा ठरणार, हे तेव्हा दुकानदारालाही ठाऊक नव्हतं.

त्या गेममध्ये सगळं होतं. विद्यापीठांची मैदानं, बँड, झेंडे, शुभंकरं. मिशिगनचं लाखावर माणसं मावणारं स्टेडियम होतं, तसं आमचं ग्लास बोलही होतं. फक्त खेळाडूंना नावं नव्हती. पाठीवर आकडा, आणि यादीत 'क्वार्टरबॅक नंबर अमुक', 'रनिंग बॅक नंबर तमुक'. उंची खरी, वजन खरं, कातडीचा रंग खरा, मूळ राज्य खरं, उजवा की डावरा तेही खरं. नाव तेवढं गायब. कॉलेजचे खेळाडू हौशी, त्यांनी खेळातून पैसा मिळवायचा नाही, असा एनसीएए या त्यांच्या मंडळाचा नियम. नाव छापलं तर पैसे द्यावे लागतील, म्हणून नाव छापायचं नाही. आपल्याकडे वर्गणीच्या फलकावर 'एक सद्गृहस्थ' लिहितात, तसं. सगळ्या गावाला माहीत असतं कोण ते.

मग नावं घालायचं काम लोकांनीच अंगावर घेतलं. गेममध्ये खेळाडूची माहिती बदलायची सोय होती. देशभरातले हौशी लोक रात्र रात्र जागून शंभरावर संघांची नावं भरायचे आणि ती यादी इतरांना फुकट उतरवून घेऊ द्यायचे. काकांच्या घरी इंटरनेट नव्हतं. ते आपल्या संघापुरती नावं स्वतः भरायचे.

तो सोहळा मी ऑगस्टच्या एका रविवारी दुपारी पाहिला. वर्तमानपत्रातून कापलेली संघाची यादी मांडीवर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. पडद्यावर एबीसीडीचा तक्ता. कंट्रोलरच्या बाणाने एकेका अक्षरापर्यंत जायचं, बटण दाबायचं, पुढच्या अक्षराकडे निघायचं. 'एस'वरून 'एम'वर, 'एम'वरून 'आय'वर. सत्तर पोरं. मध्ये एक पॉलिनेशियन आडनाव आलं, त्यात स्वरच स्वर. काका थांबले, कात्रण डोळ्यांजवळ नेलं, मला म्हणाले, तू वाच, मी टाकतो. अशी आमची जोडी जमली. मी वाचायचो, ते ठोकायचे. एक अक्षर चुकलं तर मागे जाऊन सुधारायचे. पडद्यावर ते कुणाला दिसणार होतं? कुणालाच नाही. पण पोराचं नाव आहे, म्हणायचे.

यादी संपल्यावर त्यांनी विचारलं, तू काय खेळतोस? मी म्हटलं, क्रिकेट, तेही टेनिस बॉलने. त्यांनी थोडा विचार केला आणि मला किकर केलं. किकर म्हणजे चेंडूला लाथ मारायला तेवढा मैदानात येणारा, बाकी वेळ बाकावर बसून पाणी पिणारा गडी. माझ्या प्रकृतीला शोभणारंच काम. जर्सी ४१. उंची मी दोन इंच वाढवून सांगितली. आडनाव त्यांनी न विचारता बरोबर टाकलं, के-एच-ए-आर-ई.

गंमत अशी की समालोचकांच्या पोतडीत ठरावीक आडनावं आधीच रेकॉर्ड केलेली असायची. स्मिथ, जॉन्सन, विल्यम्स टाकलं की पठ्ठ्या लगेच ते नाव घेऊन ओरडायचा. पोतडीत नसलेल्याचा नुसता आकडा. त्यामुळे मी लाथ मारायला आलो की समालोचक म्हणायचा, नंबर फॉर्टी वन. आणि ती रिकामी जागा भरायला सोफ्यावरून काका गर्जायचे, "खारे!"

२०१३च्या सप्टेंबरात हा गेम काढणाऱ्या ईए स्पोर्ट्स कंपनीने जाहीर केलं, पुढच्या वर्षी गेम येणार नाही. त्याची मुळं फुटबॉलमध्ये नव्हती, बास्केटबॉलमध्ये होती. एड ओबॅनन हा १९९५ साली कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारा खेळाडू. पुढे व्यावसायिक खेळ सुटला आणि तो लास वेगासकडे मोटारी विकण्याच्या नोकरीत स्थिरावला. एकदा मित्राकडे गेला असताना मित्राचा मुलगा बास्केटबॉलचा गेम खेळत होता. त्यात यूसीएलएचा जुना संघ, आणि त्या संघात एक डावखुरा, ३१ नंबरचा, टक्कल केलेला उंच गडी. नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती. माणसाने स्वतःला आरशाबाहेर, दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या पोराच्या हातात नाचताना पाहिलं. २००९ मध्ये तो कोर्टात गेला. त्याच वर्षी सॅम केलर नावाचा कॉलेज फुटबॉलचा एक क्वार्टरबॅकही गेला. कज्जे लांबत गेले. शेवटी खेळाडूंशी तडजोड झाली ती कंपनीकडून आणि परवाने देणाऱ्या संस्थेकडून ४ कोटी डॉलर, एनसीएएकडून २ कोटी डॉलर अशी.

काकांना बातमी सांगितली तेव्हा मला वाटलं, ते ओबॅननच्या नावाने बोटं मोडतील. कित्येक जण मोडत होते. एका माणसामुळे आमचा खेळ गेला म्हणून. काका म्हणाले, लाईनवर मी उभा राहतो तर पगार मला मिळतो, गाडीला नाही. एवढंच. आणि टीव्ही लावला.

मी २०१४ मध्ये पदवी घेऊन मिशिगनला आलो. नोव्हाय नावाच्या, मराठी बोलायला घराबाहेर फार लांब जावं लागत नाही अशा गावात. टोलीडो तासाभरावर. काकांकडे अधूनमधून चक्कर व्हायची. आणि दर ऑगस्टला तोच देखावा: तीच जुनी डिस्क, तोच जुना डबा, मांडीवर नवं कात्रण. मागच्या वर्षीची पोरं खोडायची, या वर्षीची घालायची. गेमचं जग २०१३ मध्येच गोठलेलं. त्यात स्पर्धेचा गट बदललेलं मेरीलँड विद्यापीठ अजून जुन्याच गटात, आणि आमच्या संघात मात्र दर वर्षी नवी भरती. त्या डिस्कचा भाव इकडे वाढतच होता. वापरलेली प्रत शंभरावर डॉलरना जात होती. काकांच्या डिस्कवर ओरखडे इतके की ती टूथपेस्टने घासलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. विकायचा विषय काढला तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मी देवघरातला टाक मोडीत घालायला सांगतोय.

मग वारं फिरलं. २०२१च्या फेब्रुवारीत कंपनीने सांगितलं, गेम परत येतोय. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात एनसीएएच्या विरोधात नऊ विरुद्ध शून्य असा निकाल दिला, आणि १ जुलैपासून खेळाडूंना आपलं नाव नि छबी वापरून पैसे मिळवायची मुभा मिळाली. तरी गेम यायला तीन वर्षं लागली. १९ जुलै २०२४. जास्तीचे तीस डॉलर मोजणाऱ्यांना तीन दिवस आधी. मी मोजले. नवं मशीनही घेतलं, कारण जुन्यावर तो चालतच नव्हता. घरी 'मुलीसाठी' असं सांगितलं. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती आणि तिला फक्त शुभंकरं आवडतात.

या वेळी नावं होती. १३४ संघ, अकरा हजारांवर खरी पोरं, खऱ्या नावांनिशी. होकार देणाऱ्या प्रत्येकाला ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत. ६०० डॉलर म्हणजे माझ्या गावात महिन्याचं अर्धं घरभाडंही नाही. ज्या खेळात अलाबामाच्या निक सेबनसारखा प्रशिक्षक वर्षाला एक कोटी डॉलरहून जास्त नेत होता, तिथे ही रक्कम म्हणजे लग्नात आहेराच्या बदल्यात नारळ. पण शून्यावरून नारळापर्यंत यायला एक तप लागलं, हेही खरंच. जुन्या खोडीही तशाच आहेत म्हणा. पत्त्यांच्या पाकिटांसारखी खेळाडूंची पाकिटं विकत घ्यायला लावणारा एक प्रकार त्यात आहे, त्याच्या वाटेला मी जात नाही.

बाकी गेम झकास. टेक्सस ए अँड एमच्या मैदानावर पाहुणे म्हणून खेळलात तर प्रेक्षकांच्या आरड्याने पडदा थरथरतो, चालीच्या रेषा पिळवटून जातात, काय दाबायचं तेच समजत नाही. गटांची उलथापालथ तर बघण्यासारखी. पॅसिफिकच्या काठावरचं स्टॅनफर्ड आता अटलांटिक किनाऱ्याच्या गटात खेळतं. 'बिग टेन' या गटात अठरा संघ आहेत. हिशेब कुणी विचारत नाही.

पण एक नवा नियम वाचून मी हसलो. एखाद्या खेळाडूने नकार दिला तर त्याच्या जागी काल्पनिक नावाचा गडी येतो, आणि तुम्हाला तिथे खऱ्याचं नाव हाताने घालता येत नाही. सुरुवातीला टेक्ससचा आर्च मॅनिंग गेममध्ये नव्हता. पेटन आणि इलाय मॅनिंग या नावाजलेल्या फुटबॉलपटू भावांचा पुतण्या, घराण्याचं नाव एवढं मोठं, आणि नेमका तोच गायब. महिनाभराने आला. तोवर लाखो लोकांच्या बोटांशी ती अक्षरं होती आणि टाकायची सोय नव्हती. आधी कंपनी नाव लिहू शकत नव्हती आणि आपण लिहीत होतो; आता कंपनी लिहिते आणि आपल्याला मनाई. न्याय्यच आहे. नाव ज्याचं त्याचं. तरी ऑगस्टमधला तो रविवार मला आठवला. सत्तर नावं एकेक अक्षराने भरायची, त्यातलं एकही आपलं नाही, बदल्यात काही मिळवायचंही नाही. आणि तरी ती पोरं तेव्हा कुणीतरी वाचली होती. आज मी सगळी यादी एका बटणात खाली सरकवतो. टोलीडोच्या संघातली पाच नावंसुद्धा मला सांगता येणार नाहीत.

काकांना फोन करून म्हटलं, तुमच्यासाठी पण घेऊ का. ते आता निवृत्त आहेत, गुडघे गेलेत. म्हणाले, माझ्याकडे आहे की.

सप्टेंबरात टोलीडोने मिसिसिपी स्टेटला त्यांच्याच मैदानात ४१-१७ असं धुतलं. मिसिसिपी स्टेट म्हणजे एसईसी या सगळ्यात दांडग्या गटातला संघ. काकांनी त्या दिवशी तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा २००८चा मिशिगनवरचा १३-१० विजय पुन्हा पहिल्यापासून सांगितला, मी मिशिगनमध्ये राहतो म्हणून मुद्दाम. मग म्हणाले, तुझा तो नवा गेम दाखव तरी.

व्हिडिओ कॉल लावून फोन टीव्हीसमोर साखरेच्या डब्याला टेकवला. मुलीने आधीच माझा एक किकर बनवून ठेवला होता. ४१ नंबर मी सुचवला, उंची तिने इंचभर कमीच लिहिली. ग्लास बोल पडद्यावर आलं तेव्हा पलीकडून आवाज बंद झाला. दगडी भिंती, निळे-सोनेरी झेंडे. बराच वेळ काका काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, जरा डावीकडे वळव, माझी नेहमीची जागा तिथे आहे.

चौथा प्रयत्न, ४१ यार्डांची लाथ, वेळ संपत आलेली. समालोचक म्हणाला, नंबर फॉर्टी वन. साखरेच्या डब्यापाशी फोन खरखरला, "खारे!" मुलगी दचकून माझ्याकडे बघायला लागली. मी बटण दाबलं. चेंडू उजव्या खांबाच्या हातभर बाहेरून गेला.