पायडल मारत बर्फापर्यंत

आमच्या फिल्मचा नियम एकच होता: नागपूरच्या झिरो माइलपासून गुलमर्गच्या उतारापर्यंत इंजिनाची मदत घ्यायची नाही. आम्हीही नाही आणि कॅमेऱ्यानेही नाही. यातलं कॅमेऱ्याचं कलम किती जड आहे, ते आम्हाला रस्त्यावरच कळलं.

गोरान क्रोप हा स्वीडिश गिर्यारोहक १९९५ मध्ये घरून सायकलने निघाला, सामानासकट नेपाळला पोचला आणि मे १९९६ मध्ये ऑक्सिजनशिवाय एव्हरेस्ट चढला. हे वाचलं तेव्हापासून मला चैन नव्हतं. त्यातच आदल्या हिवाळ्यात गुलमर्गला स्नोबोर्डिंग, म्हणजे एका फळीवर उभं राहून बर्फावरून घसरत उतरणं, शिकलो आणि निघताना एका परदेशी पाहुण्याकडून जुना स्प्लिटबोर्ड विकत घेतला. हा बोर्ड लांबीतून दुभंगतो आणि त्याच्या दोन स्की होतात. खाली केसाळ पट्टी चिकटवायची, तिला स्किन म्हणतात. ती पुढे सरकते, मागे घसरू देत नाही. तसं चालत वर जायचं, दोन्ही भाग पुन्हा जोडायचे आणि बोर्डवरून खाली यायचं. गोंडोलाची, म्हणजे तिथल्या रोपवेची, गरजच नाही. मग गुलमर्गपर्यंत तरी गाडी कशाला, असं वाटलं आणि फिल्म तिथूनच सुरू झाली.

वर्षभर पहाटे सेमिनरी हिल्सच्या उतारावर लाँगबोर्ड, म्हणजे लांब स्केटबोर्ड, चालवला. घरी पाइपवर फळी ठेवून तोल साधत बसायचो. आई म्हणायची, "सत्तेचाळीस डिग्रीत वाढलेलं पोरगं बर्फात काय करून राहिलं बाप्पा?" आणि दुसऱ्या दिवशी विचारायची, डिंकाचे लाडू किती देऊ.

ट्रेलर मोमिनपुऱ्यातल्या एका वेल्डरचाचांनी बनवला. बोर्ड १५८ सेंटिमीटरचा, म्हणून लांबट, एकचाकी सांगाडा. सायकलला जोडायचा भाग त्यांनी दोनदा कापून पुन्हा केला. म्हणाले, "पाइप नहीं टूटेगा बेटा. टूटा तो जोड़ टूटेगा."

जानेवारीच्या दोन तारखेला मी आणि माझा मित्र कामठी रोडने निघालो. कन्हान, मनसर, देवलापार. पेंचच्या जंगलात हायवे खांबांवर उचललेला आहे, खालून जनावरं जातात. तिथपर्यंत सगळं सुरळीत होतं. खवासा ओलांडून कुरईचा घाट आला आणि फिल्म म्हणजे काय ते समजलं.

सायकलवाले दुरून येतात, समोरून जातात, वळणाआड होतात. पडद्यावर हा दहा सेकंदांचा शॉट असतो. आम्ही दोघंच, आणि दोघंही फ्रेममध्ये हवे. म्हणजे वर जाऊन ट्रायपॉडवर कॅमेरा सुरू करायचा, खाली यायचं, शॉट देत पुन्हा चढायचं, कॅमेरा घ्यायला परत उतरायचं आणि तोच चढ तिसऱ्यांदा चढायचा. ट्रेलरसकट ओझं बत्तीस किलो. त्या दिवशी दोन शॉट मिळाले आणि अर्धा दिवस गेला. रात्री सिवनीला ठरवलं, असा शॉट दिवसाला एकच. बाकी हँडलवरचा छोटा कॅमेरा आणि आवाज.

आवाजाचा हा निर्णय नाइलाजाने घेतला, पण फिल्म त्यानेच वाचली असं मला मनापासून वाटतं. ग्वाल्हेरपासून लुधियानापर्यंत धुकं इतकं दाट होतं की सकाळी दहाच्या आत रस्त्यावर उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. दिसत काहीच नव्हतं, म्हणून माईक लावून बसायचो. धुक्यातून येणारा ट्रकचा भोंगा, लंगरमधली ताटं, पहाटेचं कीर्तन. फिल्ममध्ये तीन मिनिटं पडदा नुसता पांढरा आहे आणि ऐकू येतं ते हे.

ज्यांना असं काही करायचंय त्यांच्यासाठी सांगतो. सेकंदाला शंभर मेगाबिटने शूट केलं तर तासाला ४५ जीबी जागा जाते. आम्ही रोज रात्री दोन डिस्कवर कॉपी करायचो आणि एकेक डिस्क एकेकाच्या बॅगेत. चार्जिंग ढाब्यावर, जेवता जेवता. बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, ते निघायच्या आधीच पोस्टपेड करून घेतलं होतं.

सागरच्या पुढे जोड सुटला. पाइप जशाचा तसा. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या एका दुकानात तो पुन्हा वेल्ड केला.

उधमपूरनंतर नऊ किलोमीटरचा बोगदा टाळून आम्ही पटनीटॉपच्या जुन्या रस्त्याने गेलो. पहिला बर्फ तिथे भेटला, रस्त्याकडेला, धुराने काळा पडलेला. मित्र सायकल टाकून त्याच्यासमोर बसला आणि बराच वेळ काही बोलला नाही. तो शॉट मी चोरून घेतला. रामबनला दरड पडून दोन दिवस अडकलो. टंगमर्गपासूनचे शेवटचे तेरा किलोमीटर सायकली ढकलतच नेल्या. चौदा फेब्रुवारी होता, चिल्लई कलान, म्हणजे काश्मीरमधले कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, संपून गेलं होतं, तरी झाडं बर्फाने वाकलेली होती.

गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे. थंडीत बॅटऱ्या भराभर बसतात, म्हणून त्या बनियनला शिवलेल्या खिशात ठेवल्या. कॅमेरा खोलीत आणताना आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधायचा, नाहीतर लेन्सवर पाणी धरतं. हिमस्खलन बहुतेक तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर होतं. मला उघडी घळ हवी होती, ती फ्रेममध्ये सुरेख दिसत होती. स्थानिक गाइडने बर्फात फावड्याने खड्डा खणून थर पाहिले आणि सरळ नाही म्हटलं. मी ऐकलं. बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचा बीकन (सिग्नल देणारं यंत्र), प्रोब (लांब काठी) आणि फावडं तिघांकडेही होतं, तरी आम्ही कोंगदूरीच्या, म्हणजे गोंडोलाच्या मधल्या स्टेशनच्या, खालचा, झाडांमधला सौम्य उतार घेतला. चढायला तीन तास, उतरायला चार मिनिटं.

परत ट्रेनने आलो. एडिटला बसलो तेव्हा सुरुवात त्या चार मिनिटांनीच केली होती, आणि त्यानंतरचा रस्ता कोणालाच पाहवेना. बर्फ उचलून शेवटी ठेवला. एक्केचाळीस मिनिटांच्या फिल्ममध्ये तो छत्तिसाव्या मिनिटाला येतो.

पहिल्यांदा ती आमच्या गच्चीवर चादर बांधून दाखवली, तर्री पोह्यांसोबत. चाचा पुढच्या खुर्चीवर होते. सागरचा तुटलेला जोड आला तसे ते उठून चादरीजवळ गेले आणि मला थांबवायला सांगितलं. नवं वेल्डिंग त्यांनी बोटाने दाखवलं.

"इसने नीचे से पट्टी मारी है," ते म्हणाले. "मैं भी अब ऐसेच करूँगा. आगे चला."