तुम्ही विचारलंत म्हणून: अॅमस्टरडॅमहून लंडन किती लांब?

आम्ही अॅमस्टरडॅमजवळ अॅमस्टेलवीनला आणि माझी बहीण लंडनला हाउन्स्लोमध्ये, त्यामुळे पुण्याहून कुणाचाही फोन आला की हटकून विचारतात, अगं विमानाने किती वेळ लागतो गं? आता काय सांगू, इथला विमानतळ स्किपोल ते लंडनचा हीथ्रो हवाई अंतर साधारण ३७० किलोमीटर, म्हणजे पुण्याहून विमानाने गोवा धरा की, जवळपास तेवढंच.

पण वेळेचं जरा विचित्र आहे. बाबा आले होते तेव्हा तिकिटावर निघायची वेळ ९:०० आणि पोचायची ९:२०, झालं, बाबांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं की वीस मिनिटांत लंडन, आमच्याकडे स्वारगेटहून कोथरूडला याहून जास्त लागतात 😄 मग समजावलं की लंडनचं घड्याळ इथल्यापेक्षा एक तास मागे, म्हणजे खरे एक तास वीस. त्यातही विमान गेटवरून मागे ढकलतात तिथपासून पलीकडे गेटला लागेपर्यंतचा सगळा वेळ धरलेला असतो, नुसतं उडायला तेवढं लागत नाही.

बाबा एसटीत कंट्रोलर होते, त्यामुळे खिशात छोटी वही असतेच आणि विमानातही नोंदी चालू. ९:०८ ला सुटलं, ९:२७ ला उडालं. एकोणीस मिनिटं नुसती जमिनीवर! आमच्या नशिबी पोल्डरबान आली होती, २००३ साली सुरू झालेली धावपट्टी, गावांना आवाजाचा त्रास कमी व्हावा म्हणून इतक्या दूर बांधलीय की विमान पुलावरून हायवे ओलांडून जातं, खाली गाड्या पळतायत आणि वर आपण. बाबा म्हणाले, रस्त्यानेच नेतायत की काय.

वर गेल्यावर सँडविच हातात येऊन संपेपर्यंत समुद्र संपला. मग लंडनच्या ईशान्येला लॅम्बर्नवर घिरट्या, कारण हीथ्रोला धावपट्ट्या दोनच आणि विमानं ढीगभर, म्हणून एकावर एक हजार हजार फुटांच्या अंतराने फिरवत ठेवतात आणि नंबर लागेल तसं खाली घेतात. वहीत लिहिलं, "डेपोबाहेर थांबा, १० मि."

खरा वेळ जातो तो इमिग्रेशनच्या रांगेत. (आणि हो, शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा, ब्रिटनला चालत नाही बरं का, वेगळा काढावा लागतो, हे तिकीट काढल्यावर विचारू नका.) सहाला घर सोडलं ते बहिणीकडे चहा हातात आला तेव्हा आमच्या घड्याळात बारा. थेट युरोस्टार रेल्वेही आहे, चारेक तासांची, मध्य लंडनला जायचं असेल तर मी तीच घेईन, पण बहिणीचं घर हीथ्रोला चिकटूनच त्यामुळे आमचं विमानच.

परतीच्या तिकिटावर निघणं आणि पोचणं यात दोन तास वीस मिनिटं दिसली तर बाबा म्हणे, येताना चढ लागतो काय? म्हटलं उलट आहे हो बाबा, पश्चिमेचा वारा बहुतेक वेळा पाठीशी असतो म्हणून हवेत येताना कमीच लागतं, आणि स्किपोल समुद्रसपाटीच्या ३ मीटर खाली, हीथ्रो २५ मीटर वर, चढ तर जातानाच लागला. त्यांनी मान डोलावली आणि वहीत लिहिलं, "परतीचा प्रवास, उतार."