अडून बसलेल्या पेशी

पावसाळ्यात बेळगावच्या लॅबमध्ये बसलं की दिवसभर एकच प्रश्न कानावर पडतो, "प्लेटलेट किती?" खानापूर, नंदगड, जांबोटीकडून सकाळच्या बसने तापाचे पेशंट येतात. चिठ्ठीवर डेंग्यूचा संशय लिहिलेला असतो, निम्म्यांच्या पोटात पपईच्या पानांचा रस आधीच गेलेला असतो, आणि त्या एका आकड्यापलीकडे नातेवाइकांना रिपोर्टशी काही देणंघेणं नसतं. मी पॅथॉलॉजिस्ट. माझं खरं काम काचेवरच्या रक्ताशी, पण जुलैत आकड्यांतून मान वर काढायला मिळत नाही.

ही बाई आली तीही डेंग्यूचीच चिठ्ठी घेऊन. जांबोटीच्या पलीकडचं खेडं, वय पंचवीस-सव्वीस, पदरात दोन वर्षांचा मुलगा. नवरा गोव्यात कामाला, म्हणून सोबत दीर. तो उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत कामाला होता आणि अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आला होता. तिच्या अंगात आठवडाभर त्राण नव्हतं, दात घासताना हिरड्यांतून रक्त येत होतं. दंडावर, मांड्यांवर काळेनिळे डाग होते. पण घरात भाताची लावणी चाललेली. चिखलात दिवसभर वाकून राबणाऱ्या बाईच्या अंगावरचे डाग कोण मनावर घेतो? गावाकडे कमरेत इंजेक्शन दिलं होतं, तिथे तळहाताएवढी जागा काळी पडली होती. ते मला नंतर कळलं.

आधी कळलं ते आमच्या टेक्निशियनला. रक्त काढून तो पुढच्या पेशंटकडे वळला होता. थोड्या वेळाने आत आला आणि म्हणाला, "मॅडम, तिचं रगत थांबनाच झालंय बघा. तिसरा बोळा बदललो."

तोवर मशीनचा रिपोर्ट आला होता. हिमोग्लोबिन ७.६, पांढऱ्या पेशी १,९००, प्लेटलेट १४,०००. नुसते शेवटचे दोन आकडे पाहिले तर डेंग्यूत बसतात. तिथेही दोन्ही खाली येतात. पण डेंग्यूत रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर झिरपतं, रक्त घट्ट होतं आणि हिमोग्लोबिन वर सरकलेलं दिसतं. आता आमच्याकडच्या बायकांचं हिमोग्लोबिन मुळातच कमी, म्हणून तेही कुणी सोडून दिलं असतं. सुईच्या भोकातून अर्धा तास पाझरणारं रक्त मात्र सोडून देता येत नव्हतं.

स्लाइड करायला घेतली. पावसाळ्यात हे काम वैतागाचं. रंग ज्यात विरघळवलेला असतो त्या मिथेनॉलमध्ये हवेतली ओल उतरते, आणि तो रंग टाकला की तांबड्या पेशींवर चकचकीत ठिपके उठतात. नवशिक्या माणसाला ते मलेरियाचे वाटतात. आम्ही सरळ हेअर ड्रायर ठेवलाय. काच वाळवली, लीशमन रंग टाकला, धुतली, तेलाचा थेंब सोडला आणि हजारपट मोठं करून बघायला बसले.

पहिल्यांदा काहीच नव्हतं. पांढऱ्या पेशी इतक्या कमी की एका फील्डमध्ये एक दिसली तर नशीब. दोन-चार लिंफोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार, तेही साधेच. डेंग्यूत दिसतात तसे निळ्या, पसरट अंगाचे नव्हते. काचेच्या कडेकडेने सरकत गेले. मोठ्या पेशी पसरताना कडेला ढकलल्या जातात, म्हणून शोधायचं झालं तर तिथे. एक सापडली. शेजारच्या तांबड्या पेशीच्या तिप्पट आकार, मधोमध दबलेलं दोन भागांचं केंद्रक, आणि सगळं अंग जांभळट-लाल कणांनी इतकं खच्चून भरलेलं की केंद्रकाची कड दिसेना. शंका आली. पण एका पेशीवर निदान करू नये, आणि हे निदान तर नाहीच नाही.

मग बफी कोट केला. नळीतलं उरलेलं रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की तांबड्या पेशी खाली बसतात, वर पिवळं पाणी राहतं आणि मध्ये पांढुरका पापुद्रा जमतो. विखुरलेल्या पांढऱ्या पेशी सगळ्या त्यात गोळा होतात. त्या पापुद्र्याची स्लाइड लावली. आता त्याच पेशी दहा-वीसच्या घोळक्याने दिसायला लागल्या. त्यांतल्या एकीच्या पोटात बारीक लाल काड्या होत्या. एक-दोन नव्हे, मोळी बांधून ठेवावी तशा. या काड्यांना आऊअर रॉड म्हणतात, १९०६ मध्ये जॉन आऊअर यांनी वर्णन केलं म्हणून. पेशीतले कणच एकमेकांना चिकटून त्या तयार होतात. एखादी काडी इतर ब्लड कॅन्सरमध्येही दिसते. मोळी दिसली की जवळजवळ एकच आजार उरतो: अक्यूट प्रोमायलोसाइटिक ल्युकेमिया.

मी स्लाइड तशीच मायक्रोस्कोपवर ठेवून फोन उचलला. घाईचं कारण कॅन्सर हा शब्द नाही. कॅन्सरच्या बहुतेक निदानांत एक-दोन दिवसांनी काही बिघडत नाही. इथे बिघडतं. त्या कणांतून आणि पेशीच्या पृष्ठभागावरून अशी द्रव्यं सुटतात की शरीरभर रक्ताच्या बारीक गुठळ्या होत राहतात, त्यात गोठवणारी प्रथिनं खर्ची पडतात, आणि झालेल्या गुठळ्याही भराभर विरघळतात. माणूस कॅन्सरने नव्हे, मेंदूत रक्तस्राव होऊन जातो, आणि तोही पहिल्या काही दिवसांत. नॉर्वेच्या लाइफ हिलेस्टाड यांनी १९५७ मध्ये हा आजार वेगळा काढून दाखवला तेव्हा त्यांच्यापुढे तीन पेशंट होते. रक्तस्राव आणि काही आठवड्यांत मृत्यू, हेच त्याचं वर्णन होतं. त्या दुपारी तिचं फायब्रिनोजन, म्हणजे त्या गोठवणाऱ्या प्रथिनांतलंच एक, नॉर्मलच्या निम्म्याच्याही खाली आलेलं निघालं.

रक्ताच्या आजारांचे डॉक्टर फोनवर एवढंच म्हणाले, "मोळी बघितलीस नक्की? मग मी गोळी सुरू करतो." जनुकीय तपासणीसाठी सॅम्पल बाहेरच्या मोठ्या लॅबला जाणार, रिपोर्टला काही दिवस लागणार. या आजारात त्याची वाट बघायची नसते, संशयावरच औषध सुरू करायचं असतं. औषधाने गर्भाला इजा होते म्हणून आधी लघवीची गर्भचाचणी केली, आणि संध्याकाळी तिने पहिल्या कॅप्सूल घेतल्या. ऑल-ट्रान्स रेटिनोइक ॲसिड, म्हणजे आमच्या भाषेत ॲट्रा. सोबत प्लेटलेटच्या आणि क्रायोप्रेसिपिटेटच्या, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेल्या गोठवणाऱ्या प्रथिनांच्या, पिशव्या. कमरेतली, दंडातली इंजेक्शनं एकदम बंद.

दिराला काय सांगायचं ते माझ्यावर आलं, कारण रात्री तो पुन्हा लॅबमध्ये आला. "मॅडम, कॅन्सर हाय म्हणत्यात आणि औषध व्हिटॅमिनचं देत्यात. खरं काय ते तुम्ही सांगा की."

मी त्याला मायक्रोस्कोपवर बसवलं. एरवी मी नातेवाइकांना स्लाइड दाखवत नाही. त्यांना काही कळत नाही आणि उगाच भीती बसते. पण हा यंत्रावर काम करणारा माणूस होता, आणि त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं. मी सांगितलं ते साधारण असं. हाडाच्या मगजात पांढऱ्या पेशी तयार होतात. त्यांतल्या एकट्या न्यूट्रोफिलच निरोगी माणसात दिवसाला सुमारे १०,००० कोटी. प्रत्येक पेशी ठरलेल्या टप्प्यांनी मोठी होते. सुरुवातीलाच प्रोमायलोसाइटचा टप्पा येतो. तिथे ती पुढे जंतू मारायला लागणारे कण पोटात भरून घेते. मग कण भरणं थांबतं, केंद्रक आक्रसत जातं, त्याचे तीन-चार खंड होतात, आणि पुरी वाढलेली पेशी रक्तात उतरते. तिथे ती दोन दिवसही काढत नाही, काम करून मरते. तुझ्या वहिनीच्या पेशी दुसऱ्याच टप्प्यावर अडून बसल्यात. पुढे जात नाहीत, मरत नाहीत, आणि मागून नव्या येतच राहतात.

"अडल्या कशानं?"

पंधराव्या आणि सतराव्या गुणसूत्राचे तुकडे एकमेकांच्या जागी जाऊन चिकटतात. शिकागोत जॅनेट राउली यांनी १९७७ मध्ये हे दाखवलं. त्या सांध्यावर दोन वेगळी जनुकं एकत्र येतात. त्यांतलं एक रेटिनोइक आम्लाच्या ग्राहीचं, म्हणजे ते आम्ल जिथे जाऊन चिकटतं त्या पेशीतल्या प्रथिनाचं. हे आम्ल शरीर 'अ' जीवनसत्त्वापासून बनवतं. ते ग्राहीला चिकटलं की पेशीला पुढे वाढायचा हुकूम सुटतो. जोडून तयार झालेलं प्रथिन मात्र त्या हुकमाच्या जनुकांवरच ठाण मांडून बसतं आणि शरीरात असतं तेवढ्या आम्लाला दाद देत नाही. आम्ल कितीतरी जास्त प्रमाणात दिलं की त्याची पकड सुटते, ते प्रथिनही मोडीत निघतं, आणि पेशी जिथे थांबली होती तिथून पुढे वाढू लागते.

"म्हंजे मारायचंच न्हाई तिला?"

नाही. वाढवायचं. वाढली की ती आपल्या मरणाने मरते.

त्याने बराच वेळ डोळा आयपीसवरून काढला नाही. मग विचारलं, "गाजरं आणू काय?" हसू आलं, पण प्रश्न चुकीचा नव्हता. गाजरातून शरीर लागेल तेवढंच 'अ' घेतं, औषधाच्या डोसापर्यंत ते कधीच पोचत नाही. आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने खाल्ल्या तर लिव्हर बिघडतं. गाजरं आणू नकोस, रक्तदाते आण, असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी फौंड्रीतली चौघं पोरं ब्लड बँकेत हजर.

शांघायच्या रुइजिन हॉस्पिटलमध्ये वांग झेनयी यांनी १९८५ मध्ये हे औषध पहिल्यांदा एका पाच वर्षांच्या मुलीला दिलं आणि ती बरी झाली. १९८८ मध्ये त्यांनी २४ पेशंटचा अहवाल छापला. त्यांतल्या २३ जणांचा आजार नुसत्या या औषधाने पूर्ण आटोक्यात आला होता. शिकत असताना मी हे परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. स्वतःच्या काचेवर बघणं निराळं.

तिचं रोजचं सॅम्पल माझ्याकडे येऊ लागलं. तीन-चार दिवसांत हिरड्या थांबल्या, फायब्रिनोजन वर आलं. आणि पांढऱ्या पेशी वाढायला लागल्या. १,९०० च्या ५,०००, मग ११,०००, मग २४,०००. दिराचा चेहरा उतरला. व्हॉट्सॲपवर कुणीतरी त्याला लिहिलं होतं की ब्लड कॅन्सरमध्ये पांढऱ्या पेशी वाढल्या की संपलं. त्यात तिला ताप चढला, धाप लागली. हा धोका ठाऊक असतो. वाढीला लागलेल्या पेशी एकदम फुप्फुसांत शिरतात, तिथल्या वाहिन्या पाझरतात. डॉक्टरांनी लगेच डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू केलं, पेशी आवरायला हायड्रॉक्सियुरिया दिलं. दोन रात्री ती ऑक्सिजनवर होती आणि त्या दोन रात्री माझं कुणाशी धड बोलणं झालं नाही.

पण स्लाइड वेगळंच सांगत होती. कणांनी खच्चून भरलेल्या पेशी दर दिवशी कमी होत होत्या. त्यांच्या जागी अधल्यामधल्या पेशी आल्या: केंद्रक आत दबायला लागलेलं, कण विरळ झालेले. यांना पुस्तकातल्या कुठल्याही एका खणात नीट टाकता येत नाही, आणि खरं तर त्यांची टक्केवारी रिपोर्टवर लिहिताना माझे हाल झाले. मग एके सकाळी एक सुरेख न्यूट्रोफिल दिसली. तीन खंडांचं केंद्रक, फिकट गुलाबी अंग, कुणीही डोळे मिटून नॉर्मल म्हणावी अशी. फोकस जरा खालीवर केला तर तिच्या अंगात एक बारीक लाल काडी. आऊअर रॉड. नॉर्मल न्यूट्रोफिलमध्ये ती कधीच नसते. म्हणजे ही पेशी त्या अडून बसलेल्यांतलीच होती. ती अख्खी वाट चालून आली होती, आणि जुन्या दिवसांतली ती काडी तेवढी सोबत घेऊन आली होती. मी टेक्निशियनला हाक मारली. त्याने बघितलं आणि कानडीतच काहीतरी म्हणाला, जे मी इथे लिहीत नाही.

जनुकीय रिपोर्ट अपेक्षेप्रमाणे आला. त्यानंतर दुसरं औषध जोडलं, आर्सेनिक ट्रायऑक्साइड. चीनमधल्या हार्बिनमध्ये १९७०च्या दशकात हे पुढे आलं. ते त्याच जोडप्रथिनाच्या दुसऱ्या टोकाला धरतं आणि त्याला मोडून टाकतं. सुरुवातीला पांढऱ्या पेशी १०,००० च्या आत असलेल्या पेशंटांना ही दोन औषधं मिळून, नेहमीच्या केमोशिवायही पुरतात. २०१३ मध्ये इटली आणि जर्मनीतल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दोन औषधांच्या गटातले ९७ टक्के पेशंट दोन वर्षांनी आजारमुक्त होते.

आर्सेनिक म्हणजे काय हे सासूबाईंना सांगणं मात्र जड गेलं. त्या पहिल्यांदाच गावाहून आल्या होत्या, नातवाला कडेवर घेऊन. मी 'सोमल' म्हटलं आणि त्यांनी नातू दुसऱ्या कडेवर घेतला.

"सोमल? उंदरांस्नी घालतात तो? शिरंतनं?"

मोजून देतात, आजी. रोज हृदयाचा आलेख काढतात, रक्तातलं पोटॅशियम बघतात. दोन तास बाटली चालते, आठवड्यातले पाच दिवस.

"आणि पोराचं दूध तोडा म्हणालासा ते ह्याच्यापायीच काय?"

होय, त्याच्यापायीच.

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. ॲट्रा, आर्सेनिक, पुढचे कोर्स, महिनोन्‌महिने खानापूरहून बसने ये-जा, हे सगळं त्यांनी मान हलवत ऐकून घेतलं. पुढच्या वेळी त्या आल्या तेव्हा पिशवीत सुनेचा स्टीलचा तांब्या आणि पेला वेगळा बांधलेला, त्यावर ओळखायला लाल दोरा. मी म्हटलं, आजी, पेला वेगळा ठेवायची काही गरज नाही, ते औषध तसं लागत नाही.

"दूध चालत न्हाई म्हणतासा," त्या म्हणाल्या, "मग उष्टा पेला कसा चालंल?"

मी समजावलं. दिराने समजावलं. अस्थिमज्जेची तपासणी स्वच्छ आली, जनुकीय तपासणीही निगेटिव्ह आली, सून पुन्हा चुलीपुढे बसायला लागली. लाल दोऱ्याचा पेला अजून वेगळाच आहे, असं दीर परवा सांगत होता.