पट्टी सरळ का नाही?

पाणी सपाट असतं, मग पूर कुठवर आला ते दाखवणारी तुमची भिंतींवरची गेरूची पट्टी वरखाली का? नारायण पेठेतल्या आमच्या गल्लीत येणारा प्रत्येक दुसरा माणूस मला हे विचारतो. मुलांना घेऊन आलेले शिक्षक विचारतात, निवृत्त इंजिनिअर जरा चिडूनच विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सगळं सांगते.

2011 साली पानशेत धरण फुटून पुण्यात आलेल्या पुराला 50 वर्षं झाली, तेव्हा आम्ही गल्लीत घरोघरी गेलो. 12 जुलै 1961 ला पाणी कुठवर आलं होतं, ते ज्याने त्याने आपल्या हाताने भिंतीवर गेरूने ओढायचं, एवढंच ठरलं होतं. निळा रंग मुद्दाम टाळला. जलसंपदा विभागाच्या नकाशावर निळी पूररेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. तिथे आठवणीवर भागत नाही, भागूही नये. पुरानंतर गोखलेनगर, लोकमान्यनगरला गेलेल्या जुन्या भाडेकरूंनाही बोलावलं. त्यांच्या वाड्यांच्या जागी आता इमारती आहेत, त्यामुळे त्यांनी पार्किंगच्या खांबांवर रेघा ओढल्या. “आमची मोरी इथे होती,” म्हणत एक आजोबा दोन मोटारींच्या मध्ये अंग चोरून उभे राहिले. ही आठवण चुकीची, असं त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं?

आज मी हे ठासून बोलते. तेव्हा मात्र मीच कच खाल्ली.

गल्लीच्या मधोमध एका काकूंचं घर. पूर आला तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. त्यांनी आपल्या नातीला भिंतीला टेकवून उभं केलं, तिच्या छातीपाशी बोट ठेवलं आणि वाकून तिथे रेघ ओढली. जमिनीपासून जेमतेम तीन फूट. शेजारच्या वाड्यावर मालकाने तेव्हाच कोरून ठेवलेली खूण साडेसात फुटांवर होती. मी म्हटलं, “काकू, पाणी याच्या खूप वर होतं.” त्या म्हणाल्या, “असेल गं. एवढं झालं तेव्हा वडिलांनी मला खांद्यावर घेतलं आणि पळाले. मी पाहिलं ते एवढंच.”

मला पटलं नाही. लोक हसतील, सगळं काम पोरकट दिसेल, ही भीती. संध्याकाळी गवंड्याकडून पाणी भरलेली लेव्हलची नळी आणली, शेजारच्या खुणेची पातळी धरली, काकूंच्या रेघेवर चुना फिरवला आणि साडेसात फुटांवर नवी रेघ मारली. त्यांना न विचारता.

सकाळी काकू नातीला घेऊन बाहेर आल्या. पोरीने मान वर करून पाहिलं आणि विचारलं, “आजी, तू एवढी उंच होतीस?” काकू काही बोलल्या नाहीत. तिचा हात धरून आत गेल्या.

दुपारी मी दार वाजवलं. माफी मागितली, कुंचला पुढे केला. “आता तूच काढ,” म्हणाल्या. दार लावलं नाही, पण उंबऱ्याबाहेरही आल्या नाहीत. वरची रेघ पुसून मीच ती पुन्हा तीन फुटांवर काढली. गल्लीतली ती एकच रेघ माझ्या हातची आहे. गेरू चुन्यावर नीट धरला नाही, म्हणून तिथे डाग दिसतो. तुम्ही त्याच्याकडेच बोट दाखवून विचारलं होतंत.

आता मुलं टेप लावून मोजतात आणि वहीत लिहितात, ‘या घरात तीन फूट पाणी’. ते वाचलं की मी हलते. नदीकाठच्या शहरात मुलांनी पाणी कमी समजणं बरं नाही, हे मलाही कळतं. खाली खरी उंची लिहिलेली पाटी लावावी का? लावली तर काकूंची रेघ पुन्हा एकदा खोडल्यासारखी होईल का? दर पावसाळ्यात माझं उत्तर बदलतं.

गेल्या महिन्यात सोसायटीने रंगकाम काढलं. रंगारी विचारतोय, “मॅडम, पट्टी एका लेव्हलला घेऊ का?” त्याला अजून काही सांगितलेलं नाही.