मुळाला हात लावायचा नाही

शाळेविषयी लिहा, असं शाळेच्या पत्रात म्हटलंय. पण मला शाळा म्हटलं की गणिताचे सरच दिसतात. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये. सरांचं नाव वेगळं लिहीत नाही. 'मूळसर' म्हटलं की आमच्या काळच्या कुणालाही कळेल. उत्तरात √५ आलं की एखादा २.२३६ लिहून मोकळा व्हायचा. मग डस्टर फळ्यावर आपटायचं : "मुळाला हात लावायचा नाही! दशांश म्हणजे उधारी. कितीही फेडा, बाकी राहतेच."

तेव्हा शाळेला अकरावी-बारावी नुकतीच जोडली होती. कडुनिंबाकडच्या वर्गात सरांनी एकदा सांगितलं, "लॉग टेबल दप्तरात. १८ अंशांची साइन काढा." ३०, ४५, ६० आम्हाला तोंडपाठ. १८ कुठून आणायचे? फळ्यावर मला बोलावलं. सरांनी एवढंच सुचवलं : पाच अठरे नव्वद. म्हणजे, अठराला थीटा म्हटलं तर दोन थीटा बरोबर नव्वद वजा तीन थीटा. दोन थीटाची साइन आणि तीन थीटाची कोसाइन समोरासमोर मांडली. दोन्हीकडे कोसाइन थीटा दिसल्यावर मी खोडायला हात उचलला. "शून्य नाही ना ते? बघून खोड." बघितलं, खोडलं. साइनला क्ष म्हटल्यावर उरलं ४क्ष² + २क्ष − १ = ०. मुळं आली (−१ ± √५)/४. पहिल्या चरणात साइन ऋण नसते, म्हणून ऋण मूळ पुसून (√५ − १)/४ ला चौकट केली. बोर्डात पूर्ण मार्क मिळाले असते.

"बरोबर," सर म्हणाले. "पण दारात दोघं आले. एकाला पाट मांडलास, दुसऱ्याला हाकललंस. तो कोणाकडे आला होता, हे तरी विचारायचंस! उद्या त्याचा पत्ता घेऊन ये."

वर्ग खो खो हसला. घरी रात्री जेवणात लक्ष लागेना. आईला वाटलं, मार खाऊन आलोय. खूप उशिरा लक्षात आलं, की नव्वदातून पूर्ण फेरा, ३६०, वजा केला तरी समीकरण तेच राहतं. पाच थीटा बरोबर उणे २७०, थीटा बरोबर उणे ५४. पत्ता सापडला! म्हणजे साइन ५४° बरोबर (√५ + १)/४, आणि तीच कोसाइन ३६°. हाकललेल्या पाहुण्याने जाता जाता दुसरं उत्तर फुकट दिलं होतं. सकाळी सरांना सांगितलं. सर "हं" म्हणाले आणि हजेरी घ्यायला लागले. त्या 'हं'वर मी आजवर जगतोय.

पुढे ४५ मधून ३० वजा करून १५, १८ मधून १५ वजा करून ३, असे तीनतीन अंशांनी आम्ही कोष्टकच तयार केलं. एक अंशाचं मात्र नाव काढायचं नाही. तिथं घनसमीकरण आडवं येतं आणि नुसत्या वर्गमुळांनी ते सुटत नाही.

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या सहलीत पोरं डबे सोडत होती आणि सर भास्कराचार्यांच्या नातवाच्या शिलालेखाविषयी बोलत होते. त्रिज्येच्या वर्गाच्या पाचपटीचं मूळ घ्या, त्यातून त्रिज्या वजा करा, चाराने भागा; ही १८ अंशांची ज्या, म्हणजे त्रिज्येने गुणलेली साइन, भास्कराचार्यांनी 'ज्योत्पत्ती'त दिलेली. ११५० साली 'सिद्धांतशिरोमणी' लिहिला तेव्हा ते ३६ वर्षांचे होते. "छत्तीस!" म्हणून सर एकटेच हसले. आम्हाला तो विनोद परतीच्या एसटीत कळला.

मी इंजिनियर झालो नाही. नाशिकच्या सातपूरला, कारखान्याची हत्यारं बनवणाऱ्या टूलरूममध्ये आयुष्य गेलं. २०० मिलिमीटरच्या साइन बारवर, म्हणजे अचूक कोन लावायच्या पट्टीवर, १८ अंश लावायचे, तर खाली स्लिप गेज, म्हणजे नेमक्या जाडीचे ठोकळे, किती? साइन १८ ची दोनशेपट. चार आकडी कोष्टकातून ६१.८० यायचं. मी ५०(√५ − १) मांडून ६१.८०३ लावायचो. तीन मायक्रॉनचा फरक, पण इन्स्पेक्शनवाले माझा जॉब परत पाठवत नसत. हे सरांना सांगायचं राहिलं. दर दिवाळीला 'या खेपेला जाऊ' म्हणत राहिलो आणि एका दिवाळीला जाण्यात अर्थ उरला नाही.

परवा शाळेत येऊन गेलो. कडुनिंब नाही, त्या जागी दुचाकींची शेड आहे. प्रयोगशाळा छान झालीय. नात बरोबर होती, तिने मोबाइलवर साइन १८ दाबून ०.३०९०१६९९४ दाखवलं. मी म्हटलं, उधारी.

माझा साइन बार पेटीसकट शाळेला देतोय. झाकणाच्या आत मी स्वतः कोरलंय : १८° — ५०(√५ − १). खाली, जरा बारीक अक्षरात, ५४° — ५०(√५ + १). दशांश कोरलेला नाही.